उंच मुलींची रायडिंग पँट: लांबी नंतर, आधी गुडघा बघा

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्याची, उंची पाच फूट दहा इंच, हिमालयन ४५० बाईक चालवते. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट सगळं झालंय, गाडं अडलंय ते पँटवर. लेडीज लार्ज लांबीला तोकडी म्हणून एक्सएल मागवली तर ती कंबरेला ढगळ आणि लांबीला तितकीच तोकडी! सीटवर बसले की बुटाच्या वर चढते आणि गुडघ्याचं पॅड मांडीवर येऊन बसतं. दुकानदार म्हणतो मॅडम खाली पट्टी जोडून देतो, काही कळणार नाही. जोडून घेऊ का? की सरळ जेन्ट्सची घेऊ? ग्रुपबरोबर ताम्हिणीतून कोकणात उतरायचंय आणि आईने सांगितलंय की धड पँट नसेल तर जायचं नाही.

उत्तर: आईचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि पट्टी अजिबात जोडून घेऊ नकोस. पट्टीने पँट बुटापर्यंत पोचेल पण पॅड मांडीवरच राहील, म्हणजे ज्यासाठी एवढे पैसे घालायचे तेच होणार नाही. पडताना गुडघा बऱ्याचदा आधी आपटतो आणि मग घासत जातो, तेव्हा पॅड तिथे नसेल तर ती पँट म्हणजे नुसतं जाड कापड.

एक्सएलने तुझं काम का झालं नाही ते सांगते. लेडीज पँटचे साईज वाढतात ते घेराने, लांबी त्या मानाने जेमतेम वाढते, कारण कंपनीच्या डोळ्यासमोर जी बाई असते ती पाच फूट दोन-चार इंचाची असते आणि साईज वाढला की ती जाड झाली असं धरतात, उंच झाली असं नाही. त्यामुळे उंच आणि सडपातळ मुलीला साईज वाढवत जाऊन कधीच पँट मिळत नाही. याचा खरंच राग येतो मला, कारण तुझ्यासारख्या कितीतरी जणी दोन-तीन दुकानं फिरून शेवटी साध्या जीन्सवर हायवेला जातात.

आता मापं घे, आणि बसून घे, हे महत्त्वाचं. गाडी मेन स्टँडला लाव, बूट घालून बस, पाय फूटपेगवर ठेव आणि मैत्रिणीला टेप धरायला सांग. एक माप आसनापासून, म्हणजे दोन पायांच्या मधल्या शिवणीपासून, गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मांडीच्या आतून, दुसरं कंबरेपासून घोट्यापर्यंत बाहेरून, गुडघ्यावरून वळवून. मग उतरून सीटचा, म्हणजे आपल्या पार्श्वभागाचा, सगळ्यात रुंद घेर आणि मांडीचा घेर. उभ्याने घेतलेलं इनसीम, म्हणजे आसनापासून खालपर्यंत पायाच्या आतली लांबी, पण लिहून ठेव कारण साईज चार्टवर तेच असतं, पण विश्वास बसलेल्या मापावर ठेव, कारण गुडघा वाकला की पँट दोन-तीन इंच सहज वर ओढली जाते. तुझ्या हिमालयनवर गुडघा त्या मानाने कमी वाकतो, उद्या स्पोर्ट्स बाईक घेतलीस तर हीच पँट आखूड वाटेल.

दुकानात ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. त्यांना म्हणायचं मला बाहेर लावलेल्या गाडीवर बसून बघायचंय, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. बसल्यावर हाताने पॅड चाचप. त्याची वरची कड वाटीच्या वर दोन-तीन बोटं असायला हवी आणि बाकीचं पॅड वाटी झाकून नडगीवर उतरायला हवं. मग पॅड मुठीत धरून डावीकडे उजवीकडे फिरव, पायाच्या बाजूला फिरलं तर पँट तिथे सैल आहे आणि रस्त्यावरही ते तसंच फिरणार. उभी असताना पॅड वाटीच्या जरा खाली लोंबतंय असं वाटेल, ते बरोबर आहे, घाबरू नकोस. कमरेचं पॅड मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून जे हाड हाताला लागतं त्याच्यावर हवं, पोटाच्या बाजूला नाही.

जेन्ट्स पँट? हो, तुझ्या उंचीला बऱ्याचदा तोच रस्ता निघतो. लांबी मिळते, गुडघा खाली येतो. अडचण येते सीटला, आपली सीट रुंद आणि कंबर बारीक, त्यामुळे कंबरेच्या मापाने घेतली तर सीटला अडकते आणि सीटच्या मापाने घेतली तर मागे कंबरेत हात जाईल एवढी फट राहते. सीटच्या मापाने घे. कंबर आवळता येते, सीट वाढवता येत नाही. बाजूला वेल्क्रोचे पट्टे असलेली बघ, नाहीतर सस्पेंडर, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लाव, जड पँटला सस्पेंडर फार छान धरतात आणि पँट खाली न घसरल्यामुळे पॅडपण जागेवर राहतात. मागे जॅकेटला जोडायची चेन असते ती लावायचीच, उंच मुलींची पाठही लांब असते आणि पुढे वाकलं की जॅकेट वर, पँट खाली, मधली कंबर उघडी. फक्त ती चेन तुझ्या जॅकेटच्या चेनला बसते का ते आधी बघ, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बहुतेक जुळत नाहीत.

बजेट असेल तर बाहेरच्या काही कंपन्या लेडीजमध्येच लांबीचे वेगळे पर्याय देतात, हॉलंडची रेव्हइट काही पँट शॉर्ट, स्टँडर्ड, लाँगमध्ये काढते, इंग्लंडच्या मोटोगर्लच्या रायडिंग जीन्सलाही लांबी निवडता येते. पण परदेशातून मागवलंस तर कस्टम ड्युटी पडते आणि माप चुकलं तर परत पाठवणं डोक्याला ताप, म्हणून मापं दोनदा तपासल्याशिवाय ऑर्डर टाकू नकोस.

आल्टरबद्दल. पॅडचा खिसा आतल्या जाळीच्या अस्तरावर असतो, कित्येक पँटमध्ये तिथे वेल्क्रोने पॅड वरखाली करायची सोय पण असते, आधी ती बघ, पुष्कळ जणींना माहीतच नसते. तेवढ्याने भागलं नाही तर जाड कापड शिवणाऱ्याकडून खिसा उसवून अस्तरावरच इंच-दीड इंच खाली लावून घेता येतो, टीप फक्त अस्तरातून जायला हवी, बाहेरच्या कापडातून किंवा पावसाच्या मेंब्रेनमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ थरातून, गेली की पाणी तिथूनच आत येणार. सीटची मधली शिवण मात्र कुणालाही उसवू देऊ नकोस, पडल्यावर तिथे खूप ताण येतो आणि गल्लीतल्या मशीनची साधी टीप तिथे टिकत नाही.

आणि लेबल बघ. हेल्मेटला आपल्याकडे आयएसआयचं बंधन आहे, पँटला तसं काही नाही, म्हणून आपणच बघायचं. चांगल्या पँटच्या आत ईएन १७०९२ लिहिलेलं असतं, हे २०२० चं युरोपियन स्टँडर्ड, आणि पुढे ट्रिपल ए, डबल ए किंवा सिंगल ए. लॅबमध्ये फिरत्या दांड्याला कापड लावून ते वेगात काँक्रीटवर टाकतात आणि भोक पडतं का बघतात, सगळ्यात जास्त मार खाणाऱ्या भागासाठी हा वेग ट्रिपल एला ताशी १२० किलोमीटर, डबल एला ७०, सिंगल एला ४५. हायवे आणि घाटाला मी डबल एच्या खाली जाऊ नको म्हणेन. सिंगल एमध्ये कमरेची पॅड सक्तीची नसतात, तेही लक्षात ठेव. पॅडवर वेगळा शिक्का असतो, ईएन १६२१-१, लेव्हल १ किंवा २. लेव्हल २ म्हणजे आपटल्यावर आत पोचणारा धक्का आणखी कमी. पॅड बदलता येतात, म्हणून पँट मापाची मिळाली आणि पॅड लेव्हल १ ची असली तरी पँट घेऊन टाक, पॅड नंतर बदल.

प्रश्न: ताई मी पण उंच आहे, नाशिकला असते, रोज ऑफिसला बाईकने जाते. पँटच्या भानगडीत न पडता जीन्सवर नुसते नी गार्ड बांधले तर चालणार नाही का?

उत्तर: काहीच न घालण्यापेक्षा हजार पटीने चांगलं, आणि उंच मुलीला एक फायदा असा की गार्ड थेट गुडघ्यावर बांधला जातो, पँटच्या लांबीशी संबंधच नाही. पण जीन्सवरून नको, आतून बांध. वरून बांधला की कापडावर सरकतो. गुडघ्याला बिजागरी असलेला, नडगीपर्यंत येणारा आणि गुडघ्याच्या वर एक, खाली एक असे पट्टे असलेला घे, नडगी लांब असेल तर लांबीचं माप विचारून. एवढं करून आपटण्यापासून गुडघा वाचेल पण घासण्यापासून मांडी आणि सीट वाचणार नाहीत, साधी डेनिम डांबरावर बघता बघता फाटते. म्हणून शहरात ऑफिसपुरतं ठीक, कसाऱ्याला किंवा मुंबईला निघालीस की पँटच.

प्रश्न: पावसाळ्यात रायडिंग पँटवर रेनकोटची पँट घातली की तीही तोकडी पडते, काय करू?

उत्तर: रेन पँट जेन्ट्सची, आणि नेहमीपेक्षा दोन साईज मोठी. ती पॅडवरून जायची असते त्यामुळे ढगळ चालते, फक्त बॉटमला वेल्क्रो हवा म्हणजे गाडीच्या चेनमध्ये अडकत नाही, आणि बुटाच्या बाहेरून घाल, आत खोचलीस तर सगळं पाणी बुटात.