टेक्नो आणि ड्रम अँड बेससाठी हेडफोन: बेस किती, त्याआधी बेस कुठला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐकणं मुख्यतः टेक्नो आणि ड्रम अँड बेस, डोळ्यांना चष्मा, हातातल्या हेडफोनमध्ये बेस "आहे पण धड नाही", आणि आता ५० मिमी ड्रायव्हरचं (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा आतला भाग), खोक्यावर "एक्स्ट्रा बेस" छापलेलं मॉडेल घ्यावं का. माझ्या मते घेऊ नका. निदान त्या दोन शब्दांवर भुलून तरी नको.

बेस म्हणतो त्यात दोन वेगळे पट्टे येतात. साधारण २० ते ६० हर्ट्झ हा सब-बेस, आणि त्याच्या वर २५० पर्यंत मिड-बेस. "बेसवाले" म्हणून विकले जाणारे बरेच हेडफोन १०० ते २०० च्या आसपास फुगवलेले असतात, कारण तो फुगवटा दोन मिनिटांच्या चाचणीतही पटकन जाणवतो. तुमच्या संगीताला नेमका तोच नडतो. ड्रम अँड बेसमध्ये सब बहुधा ४० ते ६० हर्ट्झमध्ये असतो, किकचा (मोठ्या, खालच्या आवाजाच्या ड्रमचा) जोर त्याच्या वर १०० च्या आसपास, आणि स्नेअरचं (कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमचं) अंग २०० च्या जवळ. म्हणजे फुगवटा आला की किक आणि स्नेअर एकमेकांवर चढतात, आणि खालचा आवाज वरच्याला सहज झाकत असल्याने रीस बेसमधली (किंचित वेगळ्या सुरांचे थर एकत्र करून बनवलेला घोंगावणारा बेस) ती घुसळणही गढूळ होते. १७४ बीपीएमला (मिनिटाला १७४ ठोके) दोन ठोक्यांमध्ये उसंतच नसते, त्यामुळे हा चिखल इथे हाऊस संगीतापेक्षा जास्त खटकतो.

टेक्नोचं गणित थोडं वेगळं आहे. रोलँडच्या टीआर-९०९ या ड्रम मशीनची (१९८३) किक किंवा तिच्या वळणाची कुठलीही किक घ्या: सूर वरून सुरू होऊन झपकन ५० हर्ट्झच्या आसपास उतरतो, आणि सुरुवातीला एक बारीक "टक्" असतो. तो टक् काही हजार हर्ट्झवर असतो. छातीत बसल्यासारख्या वाटणाऱ्या ठोशाची धार त्या टक्मधून येते, वजन खालच्या ५० मधून. म्हणून वरचा भाग दाबलेला, गडद हेडफोन घेतला तर बेस भरपूर असूनही किक मऊ लागते. खरी छाती मात्र हेडफोनने हलत नाही, त्याला मोठे स्पीकरच लागतात. ती अपेक्षा सोडून दिली की निवड बरीच सोपी होते.

आता ड्रायव्हर. ५० मिमी या आकड्यावरून बेसबद्दल काहीही कळत नाही. कानात घालायचा इअरफोन १० मिमीच्या ड्रायव्हरवर २० हर्ट्झपर्यंत सपाट जाऊ शकतो, कारण तिथे कान पूर्ण बंद होतो. "५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ" हा खोक्यावरचा दावाही तसाच, किती डेसिबलच्या फरकात ते सांगितलं नसेल तर निरर्थक. बघायचं असेल तर मोजमापाचा आलेख बघा. हरमन या ऑडिओ कंपनीच्या संशोधनातून आलेली पसंतीची रेषा आता बऱ्याच आलेखांवर असतेच. त्यात साधारण १०५ हर्ट्झच्या खाली बेस काही डेसिबल उचललेला असतो आणि ती उचल २० पर्यंत टिकते. तुमच्या संगीताला हा आकार चांगला बसतो. आलेख १५० ला टेकडी करून ५० ला घसरत असेल तर ते मॉडेल सोडा.

पण हे सगळं सील (पॅडचं कानाभोवती हवाबंद बसणं) नीट असेल तरच. सब-बेससाठी पॅड आणि कातडी यांच्यातली फट हा सर्वात मोठा शत्रू, आणि तुमच्या बाबतीत चष्म्याच्या काड्या रोज ती फट पाडतात. आत्ताच करून बघा: सध्याचा हेडफोन लावा, गाणं चालू ठेवा, दोन्ही तळव्यांनी कप हलके दाबा. बेस एकदम वाढला तर हेडफोन वाईट नाही, हवा गळतेय. पॅड चपटे झाले असतील, भेगा पडल्या असतील तर आधी ते बदला. फक्त त्याच मॉडेलसाठी बनवलेले घ्या, कारण वेगळ्या जाडीच्या पॅडने आवाज ओळखू न येण्याइतका बदलतो. चष्म्याची काडी बारीक असेल तर तोही फायदाच.

उघड्या पाठीचे (कपाची मागची बाजू जाळीची, आवाज बाहेर जाऊ देणारे) की बंद? सेनहायझर एचडी ६०० किंवा ६५० ची सगळे स्तुती करतात, मीही करतो, पण गायनासाठी. उघड्या पाठीच्या डायनॅमिक (नेहमीच्या कॉइलवाल्या) हेडफोनचा सब-बेस खाली उतरत जातो, आणि या दोघांत तो उतार चांगलाच जाणवतो. उघडंच हवं असेल तर हायफायमॅन सुंदारासारखा प्लेनर (सपाट पातळ पडद्याचा ड्रायव्हर असलेला) बघा. तिथला बेस खूप खालपर्यंत सपाट जातो, उचललेला नसतो, पण ईक्यूने (इक्वलायझरने) उचलला तर छान उचलतो.

ईक्यू म्हटल्यावर नाकं मुरडणारे भेटतील. दुर्लक्ष करा. १०५ हर्ट्झवर लो-शेल्फ (त्याखालचं सगळं उचलणारा फिल्टर), ४ ते ५ डेसिबल, आणि प्रीअँप (ईक्यूमधली एकूण पातळी) तेवढाच खाली, नाहीतर किकवर आवाज फाटेल. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हा प्रोग्रॅम फुकट आहे. हळू आवाजात ऐकताना बेस हरवतो तो कानाच्या स्वभावामुळे, तेव्हा व्हॉल्यूमऐवजी शेल्फ वाढवा. बेस कर्कश लागत नाही म्हणून व्हॉल्यूम नकळत चढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० ला फक्त ४ तास.

वायरलेसबद्दल फार लिहीत नाही. ब्लूटूथमुळे बेस पातळ होत नाही. उलट नॉइज कॅन्सलिंग चालू असताना आतल्या माइकमुळे अनेक मॉडेलांत गळती काही अंशी भरून निघते, म्हणजे चष्मेवाल्याला फायदाच. मात्र पुढेमागे स्वतः ट्रॅक बनवणार असाल किंवा मिक्स करणार असाल तर आवाज उशिरा येण्याचा त्रास होईल, तेव्हा वायरच बरी.

नावं हवीत म्हणून देतो. सेनहायझर एचडी २५ डीजे लोकांचा लाडका, पण तो कानावरच बसतो आणि जोरात दाबतो. चष्म्याबरोबर तासाभरात कान दुखतील. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स चालेल, पॅड मात्र कृत्रिम चामड्याचे असल्याने घाम येतो. तुमच्यासाठी माझं मत बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोला: बंद पाठ, खोल सब-बेस, मखमली पॅड काडीभोवती बऱ्यापैकी बसतात. वरचा भाग थोडा टोचरा आहे. हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) बोचल्या तर ८ किलोहर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल उतरवा. हा ३२, ८० आणि २५० ओहममध्ये (ओहम जास्त म्हणजे साधारण जास्त ताकदीचा अँप लागतो) मिळतो. वेगळा अँप नसेल तर २५० च्या वाटेला जाऊ नका, फोनवर आवाज पुरणार नाही. लॅपटॉप आणि साधा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) असेल तर ८० घ्या.