डबल सीट : मागे बसणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : बायकोला घेऊन लातूरहून तुळजापूरला अधूनमधून जातो. गाडी १२५ सीसी. ब्रेक मारला की ती अंगावर येते, हेल्मेटवर हेल्मेट आपटतं. पोचेपर्यंत तिची कंबर धरलेली असते. सीट बदलून घ्यावी का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : सीटवर पैसे घालण्याआधी त्यांचे पाय कुठे असतात ते बघा. मागे बसणाऱ्याचा खरा आधार हात नसून पाय असतात. बरेच जण फुटरेस्टवर नुसते चवडे टेकवतात किंवा पाय लोंबकळत ठेवतात. मग ब्रेक लागला की अंग आपोआप पुढे घसरतं. जोराच्या ब्रेकला ६० किलोच्या माणसाचा पुढे येणारा रेटा ३० किलोच्या आसपास जातो. तो दोन बोटांनी धरलेल्या शर्टाने थांबत नाही.

फुटरेस्ट तळव्याच्या मधोमध यावा, चपलेची टाच त्याच्या मागे टेकावी. स्लीपर घालून हे जमत नाही, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवा. गुडघे तुमच्या कमरेला दोन्ही बाजूंनी हलके लागलेले असावेत. ब्रेक जाणवला की त्यांनी मांड्या आवळायच्या आणि पायांवर जोर द्यायचा. एक हात मागच्या हँडलला, दुसरा तुमच्या कमरेला. खांदे धरू देऊ नका. खांद्यावरचा जोर तुमच्या हातांतून थेट हँडलवर उतरतो आणि गाडी हलते. मांजरसुंब्यासारखा घाट उतरताना हात तुमच्या दोन्ही बाजूंनी पुढे घेऊन तळवे पेट्रोलच्या टाकीवर टेकवले, तर त्यांचं ओझं तुमच्या पाठीवर येत नाही.

त्यांनी तुमच्यापासून वीतभर मागे सरकून बसू नये. जितकं मागे बसावं तितके खड्ड्यात दणके जास्त, पुढचं चाक हलकं, आणि ब्रेकला पुढे येताना डोकं तितकंच जोरात आपटतं. नजर तुमच्या पाठीवर न ठेवता खांद्यावरून रस्त्यावर ठेवावी. ब्रेक लागणार हे समोर दिसलं की अंग आपसूक सावरतं. अर्थात निम्मी चूक चालवणाऱ्याचीही असते. दोन्ही ब्रेक आधी हलके दाबा, गाडीचं वजन पुढे येऊ द्या, मग जोर वाढवा. डबल सीट गाडी थांबायला जागाही जास्त घेते, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

आता कंबर. मागच्या शॉकअपच्या खालच्या कडीला बहुतेक गाड्यांत स्प्रिंग कमी-जास्त कडक करायच्या पाच खाचा असतात. शोरूममधून गाडी आली त्या खाचेवरच ती वर्षानुवर्षे चालते. दोघांसाठी तिसरी किंवा चौथी खाच लावून घ्या, आणि दोन्ही बाजूंची सारखी. मेकॅनिककडे आकडीचा पाना असतो, पाच मिनिटांचं काम आहे. हवेचा आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा दिलेला असतो. मागच्या चाकात दोघांसाठी एकट्यापेक्षा जास्त हवा लागते. टायर गार असताना मोजा. हवा कमी असेल तर वळणावर मागचं चाक डोलतं, आणि लोक दोष मागच्या माणसाला देतात!

गतिरोधक आला की तुम्ही तोंडाने सांगा. त्यांनी पायांवर भार घेऊन बूड सीटवरून बोटभर उचलायचं, गुडघे वाकलेलेच ठेवायचे. दणका मणक्याऐवजी मांड्या घेतात. दर पाऊण तासाने उतरून पाच मिनिटं चाला. एवढं करूनही सीट टोचत असेल तर खुशाल बदला.

रात्री निघणार असाल तर एक बघाच. मागे वजन पडलं की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो. समोरच्याचे डोळे दिपतातच, शिवाय उसाची बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली तुम्हालाही उशिरा दिसते. हेडलाइटचा स्क्रू फिरवून झोत खाली घ्या.

प्रश्न : आईचं वय ६४, गुडघे दुखतात. नऊवारी नेसते आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसते. दवाखान्यात न्यावं लागतं. हे सुरक्षित आहे का?
– एक वाचक, घनसावंगी

उत्तर : एका बाजूला बसणं कधीच तितकं सुरक्षित नसतं. मांड्यांची पकड नाही, पाठ उजवीकडच्या रहदारीला, आणि खड्ड्यात उडालं तर पाठीमागे काहीच नाही. नऊवारीला काष्टा असतो, त्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून बसणं सहावारीपेक्षा तिला सोपं जाईल. अडचण लुगड्याची नसून पाय वर उचलून पलीकडे टाकण्याची आहे. गाडी ओट्याला किंवा पायरीला डावी बाजू लावून उभी करा. तुमचे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट, पुढचा ब्रेक दाबलेला. आईने तुमच्या खांद्याला धरून सरळ सीटवरून पलीकडे पाय टाकावा. उतरतानाही डावीकडूनच, उजवीकडे सायलेन्सर असतो, पोटरी भाजते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची सीटही चटका देते, तिच्यावर ओली दस्ती फिरवा.

गुडघा दुमडतच नसेल तर नाइलाज म्हणून एका बाजूला. अशा वेळी उजवा हात तुमच्या कमरेला, डावा मागच्या हँडलला, दोन्ही पाय साडी गार्डच्या पट्टीवर. ती पट्टी हाताने हलवून बघा. नट ढिला असेल तर पाना लावून आवळा. वेग ३० च्या आत. क्लच हळू सोडा, कारण गाडी झटक्याने निघाली की माणूस मागे कलंडतो.

पदराचं मात्र अजिबात चालढकल नको. निघण्याआधी तो कमरेला घट्ट खोचायचा, सुटं टोक राहता कामा नये. ओढणी असेल तर दोन्ही टोकं पाठीमागे घेऊन गाठ मारा आणि वरून जॅकेट घाला. कापड स्पोकमध्ये गेलं की सोडवायला वेळ मिळत नाही, माणूस खेचला जातो. मागच्या निम्म्या चाकाला संरक्षण आणि मागच्याला धरायला हँडल हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्येच आहे. दिसायला बरं म्हणून साडी गार्ड काढून टाकणारी पोरं घराघरांत आहेत. तुमच्या गाडीचं काढलं असेल तर आधी बसवा.

आईलाही आयएसआय मार्कचं हेल्मेट हवं. अंबाडा असेल तर केस मानेजवळ खाली बांधा, नाहीतर हेल्मेट डोक्यावर तरंगतं. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जावीत, त्याहून ढिला नको.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाला टाकीवर बसवतो. समोर नजरेसमोर राहतो म्हणून. बरोबर आहे ना?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : नाही. ब्रेक लागला की तुमचं अख्खं वजन त्याच्यावर आणि त्याची छाती हँडलवर. शिवाय टाकीवर मूल पेंगलं की मान लटकते आणि अंग एका बाजूला घसरतं. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्याला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ४० च्या वर नको. पट्टा मुलाला जॅकेटसारखा घालायचा, त्याच्या खांद्याच्या पट्ट्या तुम्ही घालायच्या. मूल तुमच्या पाठीशी बसतं. आणि चालवणाऱ्याखेरीज एकच, हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ चा नियम आहे. आईबाप आणि मूल म्हणजे ट्रिपल सीटच.

प्रश्न : फवारणीचा भरलेला पंप पाठीला लावून भाऊ मागे बसतो. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर दोनदा पडलो.
– एक वाचक, मुखेड

उत्तर : १६ लिटरचा भरलेला पंप वीस किलोच्या घरात जातो, आणि तो उंच, मागे लटकलेला. शिवाय दणक्यांनी झाकणातून औषध पाठीवर गळतं. पंप रिकामा न्या, पाणी शेतावरच भरा. नळी आणि लान्स (फवारणीचा दांडा) पंपाला बांधून टाका, बाहेर आलेला दांडा झाडाझुडपात अडकतो.

काळ्या मातीच्या चिखलात भावाला उतरून चालत यायला सांगा. ही माती टायर आणि मडगार्डमध्ये इतकी भरते की चाक फिरायचं थांबतं. अगदीच बसवायचं असेल तर दुसरा गिअर, एकसारखा वेग, पुढचा ब्रेक नाही. आणि गाडी घसरतेय वाटलं तरी भावाने पाय खाली टाकायचे नाहीत. पाय चिखलात रुततो, गाडी पुढे जाते आणि घोटा मुरगळतो.