कोकणातल्या पावसासाठी मजबूत, पाणी आत न येणारं आणि घाम बाहेर जाऊ देणारं जॅकेट कुठलं घ्यावं?

पुण्याहून दापोलीला बदली, रोज बाईक, सुट्टीत गड, आणि वीस हजारांचं गोर-टेक्स कापडाचं जॅकेट घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. इथल्या पावसासाठी नको. पुढे हिमालयात जायचं असेल तर जरूर घ्या.

मी खेडचा. रसाळगड-सुमारगड-महिपतगडाच्या रानात बरेच पावसाळे काढलेत आणि तीन जॅकेटं वाया घालवलीत, त्या अनुभवावरून लिहितोय.

गोर-टेक्समध्ये खोट काहीच नाही. १९६९ साली बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच, झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. त्यातून पाण्याचा थेंब शिरत नाही, वाफ मात्र जाते. पण वाफ जाते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच. घामेजलेल्या अंगाजवळ ३३ अंशाला बाष्पाचा दाब साधारण ५० मिलिबार असतो. जुलैतल्या दापोलीत २६ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता धरली तर बाहेरचा दाब ३२. फरक उरला १८. तेच ५ अंशाच्या थंडीत बाहेरचा दाब ९च्या आत असतो, म्हणजे फरक ४१च्या वर. वाफेला ढकलणारा जोरच इथे निम्म्याहून कमी, मग कापड कितीही महाग असो. वर बाहेरचं कापड भिजून जड झालं की उरलासुरला श्वासही कोंडतो. लेबलावर 'चोवीस तासांत दर चौरस मीटरला इतके ग्रॅम' असा बाहेर जाणाऱ्या वाफेचा आकडा लिहितात तो प्रयोगशाळेतला असतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

लावणीच्या वेळी बायका डोक्यावरून इरलं घेतात ते बघा. बांबूच्या कामट्या आणि पानं, नाहीतर आता प्लास्टिक. त्यातून वाफ जायचा प्रश्नच नाही, पण खालून सगळं मोकळं, त्यामुळे वारा खेळतो. जॅकेटमध्ये मी तेच शोधतो: बगलेखाली लांब चेन, हात सहज बाहेर येईल एवढी. चढावर ती उघडी टाकली की कुठल्याही पापुद्र्यापेक्षा जास्त आराम मिळतो.

पाणी अडवण्यासाठी १०,००० मिलिमीटरचं कापड पुरे. म्हणजे त्यावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते तग धरतं. बाईकवर पाणी कापडातून नाही, गळ्यातून, मनगटातून आणि पुढच्या चेनमधून येतं. म्हणून चेनवर झाकणपट्टी हवी, मनगटाला वेल्क्रो हवा आणि आतून प्रत्येक शिवणीवर टेप हवी. दुकानात जॅकेट उलटं करून बघा. काही जॅकेटांत फक्त खांद्यावर टेप असते. चेन जाड प्लास्टिकच्या दातांची घ्या. खाऱ्या हवेत धातूची चेन गंजून अडकते, आणि ती नेमकी भर पावसात अडकते!

मजबुतीचं म्हणाल तर २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पिसासारखं जॅकेट करवंदीच्या जाळीत एकदा घुसलात की संपलं. निदान खांदे आणि कोपरं ७० डेनियरची बघा. थोडं जड होईल, होऊ दे. आत जाळीचं अस्तर नको. दुकानात मऊ लागतं, पण आपल्याकडे भिजलं की तीन-तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास सुटतो.

माझी तीनपैकी दोन जॅकेटं रानात नाही, कपाटात मेली. आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, तो दमट हवेत हळूहळू विघटित होतो: आधी चिकट लागतो, मग पापुद्रे सुटतात. ओलं जॅकेट घडी घालून पिशवीत ठेवायची चूक मीही केलीय. दुकानदार म्हणाला, 'हे वापरल्यामुळे झालंय.' मी ते फारसं वापरलंच नव्हतं! तेव्हा पडवीत वाऱ्याला टांगा, उन्हात नको. पाऊस संपला की सौम्य साबणाने धुवा, साबण नीट निघू द्या, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. बाहेरून पाण्याचे थेंब ओघळून न जाता कापडात मुरायला लागले की आतल्या लेबलावर चालतं असं लिहिलं असेल तर वर सुती फडकं ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. त्यानेही भागलं नाही तर पाणी झटकणारा स्प्रे मारा.

एवढं सगळं तीन-चार हजारांत बसतं. उरलेल्या पैशांत आधी चांगली रेनपँट घ्या. दापोलीच्या रस्त्यावर जॅकेटवरून ओघळलेलं सगळं पाणी सीटवर तुमच्याच खाली साचतं, आणि ऑफिसात पोचल्यावर त्याचं स्पष्टीकरण कुणाला देणार?