480 मधे 500 का बसत नाही?

प्रश्न: नमस्कार सर, कराडला आमचं लग्नपत्रिका, बिलबुकं छापायचं छोटं दुकान आहे. डीटीपीचा पीसी जुना, विंडोज 7, 500 जीबी हार्ड डिस्क. त्यातले फॉन्ट, सॉफ्टवेअर परत टाकायचं म्हटलं तर सीडीच सापडत नाहीत. म्हणून क्लोनझिला या डिस्क कॉपी करायच्या फुकट सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज (सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) एक्स्टर्नलवर घेतली आणि नवीन 480 जीबी एसएसडीवर रिस्टोअर करायला गेलो तर टार्गेट लहान आहे म्हणून अडलं. डेटा सगळा मिळून 130 जीबीच आहे, मग अडतंय कुठं?

उत्तर: दादा, डेटा किती ते इथे बघितलंच जात नाही. क्लोनझिला इमेज घेताना वापरलेले ब्लॉक तेवढेच उचलतो, म्हणून फाइल लहान होते, पण सोबत पार्टिशन टेबल जातं आणि त्यात कुठलं पार्टिशन (सी, डी असे डिस्कचे भाग) कितव्या सेक्टरला, म्हणजे डिस्कवरच्या कितव्या कप्प्याला, संपतं ते लिहिलेलं असतं. 500 च्या डिस्कवर साधारण 97 कोटी 67 लाख सेक्टर असतात, 480 वर 93 कोटी 77 लाख. तुमचं शेवटचं पार्टिशन जिथे संपतंय ती जागा नवीन एसएसडीवर नाहीच, मग ते रिकामं असलं तरी काय उपयोग.

विंडोजच्या हिशोबात हा फरक 19 जीबीच्या आत आहे. जुन्या डिस्कवर पीसी चालू करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, सगळ्यात उजवीकडचं पार्टिशन (बहुतेक डी असेल) त्यावर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम, आणि चौकटीत 25600 टाका, तिथे आकडा एमबीत असतो म्हणजे हे 25 जीबी झाले. मग पीसी नीट शटडाउन करून इमेज परत नव्याने घ्या, जुन्या इमेजमधे जुनंच टेबल आहे ती इथे चालणार नाही. रिस्टोअरला एक्स्पर्ट मोड घेऊन -icds नावाच्या ऑप्शनवर टिक करा, म्हणजे डिस्कची साइज तपासणं तो सोडून देतो, बाकी सगळं आहे तसंच ठेवा. विंडोज 7 च्या जुन्या मशीनवर बहुतेक एमबीआर म्हणजे जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल असतं, त्याला एवढं पुरतं. जीपीटी म्हणजे नव्या पद्धतीचं निघालं तर ही खटपट करत बसू नका, एसएसडी बदलून 500 किंवा 512 ची घ्या.

अजून एक, आणि हे प्लीज मनावर घ्या. इमेज घेताना शेवटी ती तपासायची का असं विचारतो, तिथे वेळ जातो म्हणून नाही म्हणू नका. आणि रिस्टोअरच्या वेळी डिस्कची एसडीए, एसडीबी (sda, sdb) अशी नावं येतात त्यावर जाऊ नका, शेजारी मॉडेल आणि साइज असते ती वाचा, शक्य असेल तर जुन्या डिस्कची केबलच काढून ठेवा. माझ्याकडून एकदा सारख्या साइजच्या दोन डिस्कमधे उलटी निवड झाली आणि बहिणीच्या बाळाचे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो गेले. क्लोनझिला पुसायच्या आधी दोनदा विचारतो, मी दोन्ही वेळा हो म्हटलं होतं. अजून लागतं मनाला. तुमची जुनी डिस्क तर एसएसडीवर सगळे फॉन्ट उघडून, एक पत्रिका छापून बघेपर्यंत फॉरमॅट करूच नका.

प्रश्न: ताईंची लॅपटॉपची हार्ड डिस्क खूप स्लो झालीये, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात, इमेज घेताना मधेच रीड एरर येऊन बंद पडतं. काय करू?

उत्तर: आधी लॅपटॉप बंद करा. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर घरी काहीच करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डीडीरेस्क्यू (ddrescue) हा खराब डिस्कवरून डेटा उचलणारा प्रोग्राम वापरा. तो आधी चांगला भाग भराभर उचलतो आणि खराब सेक्टरकडे नंतर वळतो, कुठपर्यंत झालं ते मॅप फाइलमधे लिहून ठेवतो, त्यामुळे मधे लाइट गेली तरी तिथूनच पुढे. फक्त कमांडमधे त्या मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नका. कॉपी तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या आणि दुरुस्ती, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) जे काय करायचं ते कॉपीवर, मूळ डिस्कवर चेकडिस्क अजिबात नको.