इंदूरमध्ये आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी ओळखी कशा होतील?

विजयनगरच्या ऑफिसातून साडेसातला सुटता, सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, दोनदा जाऊन आलात, तरी कुणाशी ओळख झाली नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिथे ती होतच नाही. सराफ्यात उभ्याने खायचं आणि मागची गर्दी रेटेल तसं पुढे सरकायचं. गप्पा होणार कधी?

ओळख वाढवायची तर छप्पन दुकान गाठा. न्यू पलासियातल्या या खाऊगल्लीत गाड्या नाहीत आणि बसायला जागा आहे. मंगळवार किंवा बुधवार, एकच वार कायमचा धरा. शनिवार-रविवारी बसायला मिळत नाही. ऑफिसातले दोघे आणि खोलीशेजारचा एक, असे चौघं पुरे. सहाच्या वर गेलात की दोन टोळकी पडतात आणि नवा माणूस मधेच अवघडून उभा राहतो.

आठला भेटा, जेवून येऊ नका. चौघांत एकच प्लेट मागवा: खोपरा पॅटीस संपली की पुढच्या दुकानाकडे चला. प्रत्येकाने आपापली प्लेट घेतली तर वीस मिनिटांत पोट भरतं आणि मंडळी पांगतात. पैसे दर आठवड्याला एकानेच द्यायचे. ज्याची पाळी राहिली असेल तो पुढच्या वेळी हमखास येतो.

तीन-चार आठवड्यांनी, एकमेकांची सवय झाली की, सराफा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्यासमोरच खाण्याचे ठेले लागतात, म्हणून साडेनऊच्या आधी जाऊ नका. गाडी राजवाड्याच्या बाजूला लावून चालत आत शिरा, गल्ल्या अरुंद आहेत. आधी भुट्ट्याचा कीस, मग दहीबडा. थंडीत गराडू, म्हणजे एक कंद, चुकवू नका: तो दोनदा तळतात, वर जीरावन (इंदुरी मसाला) आणि लिंबू. गार झाला की चिवट लागतो, तेव्हा कढईशेजारीच संपवा. जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलबी, शेवटी, चौघांत एक. गोड आधी खाल्लं की पुढचं तिखट फिकं लागतं. आणि शिकंजी म्हणजे इथे लिंबाचं सरबत नव्हे. ती दुधाची, दाट, सुक्यामेव्याची असते. दोघांत एक ग्लास घ्या, नाहीतर पुढे काही खाववत नाही.

साडेअकराला उठा. दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं, एकदा एक वाजला की पुढच्या बुधवारी निम्मे जण टाळतात.