तयारी पूर्ण झाली असं वाटतच नाही, मग सुरुवात कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापासून दहावीचं गणित शिकवायचं यूट्यूब चॅनेल सुरू करायचंय, माइक घेतला, रिंगलाइट घेतली, अकरा व्हिडिओ रेकॉर्ड केले आणि अकराच्या अकरा डिलीट केले, कधी आवाज घुमतो, कधी फळ्यावरचं अक्षर आवडत नाही, आणि आता हा परफेक्शनिझम घालवायचा कसा असं विचारताय. मी काही मानसोपचारतज्ज्ञ वगैरे नाही. पुण्यात धायरीला घरी ब्लाउज शिवते. पण शिवणक्लास झाल्यावर चौदा महिने घरात नवी कोरी कात्री असून एकसुद्धा कापड न कापलेली बाई आहे मी, त्यामुळे उत्तर द्यायचा थोडाफार हक्क आहे असं धरून चालते.

२०१६ ला सहा महिन्यांचा क्लास केला. क्लासमध्ये सगळं जमायचं कारण मॅडम शेजारी उभ्या असायच्या, खडूची रेघ चुकली की त्या पुसायच्या. घरी आले आणि हात बांधल्यासारखे झाले. मग मी काय केलं तर पेपर कटिंग. जुने पेपर घ्यायचे, त्यावर छाती बत्तीसपासून बेचाळीसपर्यंत सगळ्या मापांचे ड्राफ्ट काढायचे, कापायचे, सुरळी करून रबर लावून माळ्यावर टाकायचे. साधा, कटोरी, प्रिन्सेस कट, सगळे प्रकार. मुंढ्याचा, म्हणजे जिथे बाही जोडतात तिथला, गोल जरा टोकदार वाटला की परत. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, एक बाई मुंढा एक पद्धतीने काढायची, दुसरी दुसऱ्या, मग दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी ठेवून बघायचे की फरक किती येतो. (पाव इंच. फरक पाव इंच यायचा.) आणि या सगळ्याला मी तयारी म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर दिवसभर दमून जायचे, म्हणजे काम केल्यासारखंच वाटायचं.

मध्ये फॉल-पिको सुरू केलं. लोकांना वाटलं हिने धंदा सुरू केला. पण फॉल-पिको मी का घेतलं हे मला आतून माहीत होतं, त्यात कापायचं काही नसतं. कोणी ब्लाउजबद्दल विचारलं की माझं ठरलेलं वाक्य होतं, "अजून हात बसला नाहीये हो." तुमचे ते माइक आणि रिंगलाइट म्हणजे माझं फॉल-पिकोच.

मग समोरच्या काकू एका मंगळवारी पीस घेऊन आल्या. मोरपंखी रंगाचं साधं टू बाय टू, म्हणजे ब्लाउजचं नेहमीचं बिनकाठाचं कापड. म्हणाल्या, "अगं शुक्रवारी भाच्याची वास्तुशांत आहे, आमचा टेलर गावाला गेलाय, तू शिकलीस ना शिवण, मग घे की." मी म्हटलं, "अहो काकू, अजून हात..." तर म्हणे, "हात शुक्रवारपर्यंत बसेल, मला काही फॅशन नकोय, साधा गोल गळा." आणि मापाचा जुना ब्लाउज टेबलावर ठेवून गेल्या पण.

त्या रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये सतरंजी टाकून बसले. पीस पाण्यातून काढून वाळवून इस्त्री केलेला होता. खडूने आखलं, टेप लावून परत मोजलं, परत मोजलं, नवरा पाणी प्यायला उठला तेव्हा मी मोजत होते आणि तासाने परत उठला तेव्हाही मोजतच होते. तो काही बोलला नाही, नुसता बघून गेला, त्याचाच राग येऊन मी कात्री घातली असं आता वाटतं. कापड कापताना कात्रीचं खालचं पातं जमिनीवरून उचलायचं नसतं, टेकवूनच पुढे न्यायचं, नाहीतर रेघ हलते. ते कर्रकर्र असं जे वाजतं ना, पेपर कापताना असं वाजत नाही. पहिल्या दोन इंचांनंतर भीती गेली असं लिहिलं तर छान वाटेल पण तसं काही झालं नाही, शेवटपर्यंत पोटात गोळा होता. फक्त गोळ्यासकट हात चालतो हे त्या दिवशी कळलं.

आणि चूक झालीच. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाहीचा वरचा गोल पुढच्या बाजूने जास्त खोल असतो, म्हणून उजवी आणि डावी बाही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या यायला लागतात, मी एकेक करून कापल्या आणि दोन्ही उजव्या आल्या. रात्री साडेबाराला हे लक्षात आलं. रडायलाच आलं होतं. मग कापड हातात घेऊन उलटसुलट करताना दिसलं की टू बाय टू दोन्हीकडून सारखंच असतं, सुलट-उलट ओळखू येत नाही, एक बाही उलटी करून लावली की झाली डावी. चौदा महिने जिच्या भीतीने झोप उडाली होती ती चूक अर्ध्या मिनिटात निस्तरली. काठाचं कापड असतं तर सुटका नव्हती हेही खरं, पण काकूंनी काठाचं आणलंच नव्हतं.

पुढची गंमत अजून वेगळी. गुरुवारी काकूंनी घालून बघितला तर छातीत घट्ट, हुक ओढून लावावा लागत होता. मी माप परत घेतलं, माझं कटिंग मापाच्या ब्लाउजशी अगदी दोऱ्यानिशी जुळत होतं. तो जुना ब्लाउजच चार वर्षांपूर्वीचा होता आणि मधल्या काळात काकू भरल्या होत्या. मी दहा वर्षं पेपर कटिंग केलं असतं तरी हे मला कळलं नसतं, कारण काकूंच्या अंगाचा आजचा घेर माझ्या कुठल्याच ड्राफ्टमध्ये नव्हता. तो ब्लाउज त्यांच्या अंगावर चढल्यावरच कळणार होता.

मग वाचवलं कशाने? मायेने. शिवणात शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. बगलेला मी दीड इंच माया सोडली होती. दोन्ही बगला उसवल्या, पुढून-मागून पाव पाव इंच माया मोकळी केली, एक इंच मिळाला, परत टीप मारली, पाऊण तासाचं काम. काकू शुक्रवारी घालून गेल्या.

तुम्हाला जे सांगायचंय ते एवढंच आहे. परफेक्शनिझम घालवायच्या मागे लागू नका, तो जात नाही, माझा गेलेला नाही. माया ठेवा आणि कापा. चुकणार आहे हे धरूनच कापायचं, चूक सुधारायला जागा कुठे ठेवायची एवढंच आधी ठरवायचं.

पण सगळीकडे माया ठेवता येत नाही हे पण ऐका, नाहीतर उद्या म्हणाल की बाईंनी सांगितलं बिनधास्त करा. गळ्याला माया नसते. गळा लहान कापला तर वाढवता येतो, मोठा कापला की संपलं. २०१९ ला एका ताईंच्या पैठणीचा ब्लाउज घेतला, पीस साडीलाच जोडून आलेला, म्हणजे दुसरा मिळायचा प्रश्नच नाही. मागचा गळा नऊ इंच हवा होता, मी नऊवर खडू मारून नऊवरच कापला. गळ्याला पट्टी लावताना पाव इंच आत वळतं आणि तेवढा गळा खाली उतरतो, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण त्या दिवशी घाईत विसरले. त्यांचे खांदे उतरते, ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला. दोरी लावली, काठाचा तुकडा जोडून बघितला, पण त्यांचा चेहराच सांगत होता. शिलाई घेतली नाही, वर पीसचे म्हणून १,४०० रुपये दिले. त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून गळ्याला मी अर्धा इंच वरच कापते, घालून बघायला लावते, मग उतरवते. बगलेला इतका वेळ घालवत नाही.

आता तुमच्या व्हिडिओत गळा कुठला आणि बगल कुठली ते बघा. माझ्या मते गळा एकच आहे, गणित चुकीचं सोडवलं जाणं. पोरगं तुमचं बघून तीच चूक पेपरात करेल. तिथे तुम्ही दहा वेळा तपासा, ते बरोबरच आहे, तिथला परफेक्शनिझम ठेवाच. आवाज घुमणं, अक्षर, लाइट, मागची भिंत, बोलताना "म्हणजे" हा शब्द चाळीस वेळा येणं, या सगळ्या बगला. पुढच्या व्हिडिओत उसवता येतात. मला तर वाटतं तुम्ही अकरा व्हिडिओ बगलेसाठी डिलीट केलेत. अकरापैकी किती व्हिडिओंत गणित चुकलं होतं? प्रश्नात त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाहीये.

माझी भाची मानसशास्त्रात एमए करते, तिने मला सांगितलेलं की पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या दोघांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले, एक स्वतःकडून अचूकपणा मागणारा, दुसरा इतरांकडून मागणारा, आणि तिसरा म्हणजे लोकांनाच आपल्याकडून अचूक लागतं असं धरून चालणारा. तिने हे सांगितलं तेव्हा मी कुकर लावत होते, शिट्टी व्हायच्या आधी मला कळलं की मी तिसऱ्यातली. मला ब्लाउजची भीती नव्हती, वास्तुशांतीत काकूंच्या जावा काय म्हणतील याची होती. जावांनी, मी नंतर मुद्दाम विचारलं, ब्लाउजकडे बघितलंसुद्धा नव्हतं, त्या जेवणात मठ्ठा संपला यावरून कुजबुजत होत्या. तुम्ही पण एकदा बघा, तो व्हिडिओ कोणाच्या डोळ्यांनी बघून डिलीट करताय. बहुतेक कॉलेजमधला एखादा मित्र निघेल किंवा शाळेतले एखादे सर, आणि ते दोघेही तुमचं दहावीचं गणित बघायला येणार नाहीयेत.

अजून एक, तयारी संपायची वाट बघणारे लोक कायम बाहेरच्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवतात. आमच्या लाइनमध्ये सध्या ती पीएम विश्वकर्मा योजना आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत त्यात, दर्जी पण आहेत, ट्रेनिंग मिळतं, टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. चांगली आहे, अर्ज जरूर करावा. पण माझ्या ओळखीच्या दोघीजणी "टूलकिट आलं की सुरू करू" म्हणून बसल्यात, आणि दोघींच्या घरी सासूची पायाची मशीन आहे, चालू आहे, मी स्वतः तेल घालून टीप मारून बघितलीये.

मग नक्की करायचं काय, तर माझ्यासाठी कात्री चालली ती शुक्रवारमुळे. मी निश्चय वगैरे काही केला नव्हता. समोर एक माणूस होतं आणि एक वार होता. तुमच्याकडे चॅनेल आहे, प्रेक्षक म्हणून अख्खं जग आहे, म्हणजे कोणीच नाही. तुम्हाला एक काकू शोधायला हव्यात. बिल्डिंगमध्ये, नात्यात, कामवाल्या मावशींच्या घरी, कुठेतरी दहावीचं एक पोरगं असणारच जे गणित भाग १ मध्ये अडकलंय. बीजगणितातली वर्गसमीकरणं असतील किंवा अंकगणिती श्रेढी. त्याला विचारा तुझी युनिट टेस्ट कधी आहे, आणि त्याच्या दोन दिवस आधी त्याला त्या एकाच प्रकारच्या गणिताचा व्हिडिओ देईन म्हणून कबूल करा. त्याच्या आईसमोर कबूल करा म्हणजे मागे फिरता येणार नाही, आया विसरत नाहीत. पोरगं बघेल आणि सांगेल की दादा, तिसऱ्या स्टेपला तुम्ही एकदम उडी मारली, कळलं नाही. हे तुम्हाला कुठल्याही रिहर्सलमध्ये कळणार नव्हतं, काकूंचा घेर मला कळत नव्हता तसंच.

आणि हे पण सांगते की सुरू केल्यावर सगळं सुरळीत झालं वगैरे काही नाही. काकूंनंतर तीन आठवडे एकही ब्लाउज आला नाही. मग त्यांच्याच एका जावेचा आला, तो मी एक दिवस उशिरा दिला. आता आठवड्याला आठ-दहा होतात, गणपती-गौरीच्या आधी आणि लग्नसराईत नाही म्हणावं लागतं. माळ्यावरचे पेपरचे ड्राफ्ट मागच्या दिवाळीला रद्दीत दिले, अडीच किलो भरले.

हां, आणि शेवटचा व्हिडिओ डिलीट करून फार दिवस झाले नसतील तर तो बहुतेक अजून फोनच्या ट्रॅशमध्ये पडलेला असेल. त्यातलं गणित बरोबर आहे का तेवढं बघा, बरोबर असेल तर बाहेर काढा आणि आधी त्या पोरालाच व्हॉट्सअ‍ॅप करा. यूट्यूबचं नंतर बघू.