प्रोसेसर तापल्यावर वेग का मंदावतो?

प्रश्न : व्हिडिओ रेंडर करताना माझा जुना लॅपटॉप सुरुवातीला वेगात चालतो आणि थोड्याच वेळात मंदावतो. तापमान ९५ अंशांच्या वर दिसते. प्रोसेसर निकामी होत आहे का?

उत्तर : तसे मानण्याचे कारण नाही. बहुतेक आधुनिक प्रोसेसरांची तापमानमर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठताच प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी क्लॉक स्पीड, म्हणजे काम करण्याचा वेग, आपणहून उतरवतो. आधी लॅपटॉप बंद करून पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमधली जागा तपासा, कारण तेथे धुळीचा दाट थर साचला की गरम हवेला वाटच उरत नाही. हवेच्या फवाऱ्याने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, अन्यथा तो भरधाव फिरून बिघडू शकतो. प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळली असल्यास तीही बदलून घ्यावी.

एवढ्याने भागले नाही, तर कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा तळ) घेण्याआधी वीजमर्यादा, म्हणजे प्रोसेसरला जास्तीत जास्त किती वीज घेता येईल ती सीमा, थोडी खाली आणून पाहा, असे मी आग्रहाने सुचवेन. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावे लागते आणि प्रोसेसरचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी उष्णतेची किंमत फार मोजावी लागते. म्हणूनच मर्यादा किंचित घटवली, तर उष्णता बरीच उतरते, वेग मात्र थोडाच कमी होतो आणि तो रेंडर संपेपर्यंत टिकून राहतो.